उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आई, आज सकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण काही केल्या उघडेना. फडक्याने धरून पाहिलं, गरम पाण्यात बुडवून पाहिलं, आणि शेवटी ओट्यापाशी उभी राहून मी मोठ्याने म्हणाले, "प्रभू, शक्ती दे." सूनबाई मागे भाजी निवडत बसली होती, ती खुदकन हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. तिला काय माहीत, आपल्या घरात हे वाक्य किती गंभीरपणे उच्चारलं जायचं! पाण्याचा हंडा उचलताना, ओली लाकडं पेटवताना, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांसमोर जाताना, बाबांच्या कोटाचं बटण सापडत नसताना, तू डोळे मिटायचीस, मान खाली घालायचीस आणि म्हणायचीस, "प्रभू, शक्ती दे. आमेन." मग पदर खोचून कामाला लागायचीस. बरणीचं झाकण बहुतेक वेळा बाबाच उघडून द्यायचे आणि तू आभार मात्र प्रभूचे मानायचीस. बाबा म्हणायचे, "मीपण होतो बरं का त्यात थोडासा." तू म्हणायचीस, "मग तुम्हाला कोणी दिली?" यावर बाबा बरणीतली एक फोड तोंडात टाकायचे. तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले आहे, तरी अजून तुझ्याशी बोलताना मी फ्रॉकमध्येच असते.

आज मला तुझी सायकल आठवते आहे. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला ते दिवस. राजधानी भोपाळला ठरली आणि बाबांची कचेरी उज्जैनहून टेबलखुर्च्यांसकट उचलून तिकडे नेली. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने बाबा यायचे, रविवारी चर्चला जाऊन, जेवून, थोडी झोप काढून परत निघायचे. लोक नव्या राज्याच्या मोठमोठ्या गोष्टी बोलत होते. आपल्या घरात नवं राज्य म्हणजे बाबांची रिकामी खुर्ची. तेवढ्यात तुझ्या दवाखान्यातही हुकूम आला. बाळंतपणं करणाऱ्या नर्सबायांनी आता खाटांपाशी बसून राहायचं नाही, मोहल्ल्यांत आणि जवळच्या खेड्यांत जायचं, त्यासाठी सायकली मिळतील. ज्यांना सायकल येणार नाही त्यांची बदली होईल, लांबच्या कुठल्यातरी तालुक्याच्या दवाखान्यात, जिथे आत बसूनच काम असेल. म्हणजे बाबा भोपाळला, तू कुठेतरी रानात, आणि मला नगरला मावशीकडे ठेवायचं. तसं तुम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतात. मी पडद्याआड उभी राहून सगळं ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, घर म्हणजे अशी गोष्ट आहे की जी एखाद्या कागदाने तीन जागी वाटून टाकता येते.

आधी तू प्रभूला हुकूमच बदलायला सांगितलास. शुक्रवारचे उपास धरलेस. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या बायका घरी येऊन गुडघे टेकून गेल्या. उपासना हिंदीत असायची, त्यामुळे त्या हिंदीत मागायच्या, तू मराठीत मागायचीस, पण हुकूम कुठल्याच भाषेत हलला नाही. मग एके सकाळी तू चहा गाळता गाळता म्हणालीस, "मी सायकलवर बसावं असंच प्रभूच्या मनात दिसतंय. बरं आहे. मग शक्तीपण त्यानेच पुरवायची." तुझ्या बोलण्यात भक्ती होती, पण थोडी दटावणीही होती. दुकानदाराकडे उधारीवर माल मागतानाही तू एवढ्या हक्काने बोलत नसशील.

सायकल आली. काळी, मधला दांडा नसलेली, मागे पिशवी बांधायला कॅरियर. अंगणात ती उभी आहे आणि तू तिच्याभोवती फेरी मारते आहेस, नव्या म्हशीभोवती मारावी तशी. शेजारच्या घरातल्या काकू भिंतीपलीकडून सगळं बघत आहेत. काकूंचं घर शिंदेशाहीपासून उज्जैनात मुरलेलं. सोवळंओवळं कडक, दर सोमवारी महाकालाला जाणार. आपल्या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं, आपल्या घरच्या बातम्या मात्र चालायच्या. तुझ्या हातून त्यांच्या मोठ्या सुनेची सुटका झाली होती, तेव्हाही तू घराबाहेर पडल्यावर त्यांनी खोली धुऊन काढली होती, आणि तू ते पाहून फक्त म्हणाली होतीस, "चांगलं केलं, बाळंतिणीची खोली स्वच्छच हवी." त्या काकू आता भिंतीवर कोपर टेकून विचारत होत्या, "अहो सिस्टर, तुम्ही सायकलला शिकवून राहिल्या की सायकल तुम्हाला?" तू जमिनीवर बसून गुडघा चोळत होतीस. म्हणालीस, "अजून दोघींची ओळख होऊन राहिली आहे, काकू."

शिकवायला बाबाच. रविवारी चर्च सुटलं की बाबा तुला कोठी रोडवर न्यायचे, कारण तिथे रस्ता रुंद, दोन्हीकडे झाडं आणि गर्दी कमी. मी मागून चालायचे. बाबा सीट धरून धावायचे, ऑफिसचा कोट अंगावर तसाच, आणि ओरडायचे, "समोर बघ! चाकाकडे काय बघतेस, ते कुठे पळून जात नाही." तू ओरडायचीस, "अहो सोडू नका!" बाबा म्हणायचे, "मी धरलंच आहे, तू देवाला सोड थोडा वेळ, हँडल धर." तुला याचा फार राग यायचा. परत येताना तू त्यांच्याशी बोलायची नाहीस आणि स्टेशनवर जाताना त्यांच्या डब्यात एक चपाती जास्त घालायचीस.

आणि मग तो कडब्याच्या गाडीचा रविवार. तोवर तुला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. बाबांनी सीट सोडली होती आणि ते कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे होते. रस्त्याला थोडा उतार होता, पलीकडून एक बैलगाडी येत होती, कडब्याने वरपर्यंत भरलेली. सायकलने वेग घेतला. तुला भीती वाटली, आणि भीती वाटली की तू आयुष्यभर जे करत आलीस तेच केलंस. डोळे मिटलेस, मान खाली घातलीस आणि प्रार्थना सुरू केलीस. मी मागून ओरडते आहे, बाबा ओरडत आहेत, गाडीवाला ओरडतो आहे, आणि तू डोळे गच्च मिटून, अगदी शांतपणे, सरळ कडब्यात. आमेन तुझं आतूनच ऐकू आलं.

तुला ओरखडासुद्धा आला नाही. केसांत काड्या, चष्मा वाकडा. गाडीवाला खाली उतरून म्हणाला, "बाई साब, आँख मूँद के साइकिल कौन चलाता है?" तू पदर सारखा करत खरं ते सांगितलंस, "भैया, प्रार्थना कर रही थी." तो म्हणाला, "तो मेरे बैल के लिए भी कर लेतीं, बेचारा काँप रहा है." बाबांना वाटलं आता तू ओशाळशील. तू कुठली! तू बैलाजवळ गेलीस, त्याच्या कपाळावर हात ठेवलास, डोळे मिटलेस आणि बैलासाठी मराठीत प्रार्थना केलीस. गाडीवाल्यानेही पागोटं काढून हात जोडले. बाबा झाडाला टेकून इतके हसले की त्यांना खोकला लागला. बैल मात्र खरंच शांत झाला, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पण घरी आल्यावर तू बायबल उघडून बसलीस. तुला पडण्याचं काही वाटलं नव्हतं. तुला वेगळीच काळजी लागली होती. डोळे मिटल्याशिवाय केलेली प्रार्थना पोचते का? लहानपणी मिशनच्या शाळेत प्रार्थनेत डोळे उघडले म्हणून तू पट्टी खाल्ली होतीस. डोळे मिटले तर सायकल कडब्यात जाते, आणि उघडे ठेवले तर शक्ती कशी यायची? तू खरोखरच चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलीस, मला बरोबर घेऊन. ते बागेत टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं, आणि म्हणाले, "बहनजी, तूफान में नाव डूब रही थी, तब चेलों ने प्रभु को आँख मूँदकर पुकारा होगा क्या?" तू विचार केलास. म्हणालीस, "नहीं साहब. आँखें तो फाड़कर देख रहे होंगे." "और हाथ?" "हाथ से पानी निकाल रहे होंगे." पाळकसाहेब म्हणाले, "बस, तो साइकिल पर भी वही कीजिए," आणि पुन्हा टोमॅटोकडे वळले. परतीच्या वाटेवर तू मधेच थांबलीस, डोळे चांगले मोठे उघडलेस आणि फ्रीगंजच्या भर रस्त्यात, समोरून टांगा येत असताना, मोठ्याने म्हणालीस, "प्रभू, शक्ती दे." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघ, लाज वाटते आहे, पण जमतंय." आई, मी तुला कितीतरी वेळा प्रार्थना करताना पाहिलं, पण तेव्हा पहिल्यांदा तुझे डोळे दिसले. ते घाबरलेले होते. मला तोवर वाटायचं तुला भीती वाटतच नाही.

सायकलची परीक्षा दवाखान्याच्या आवारात होती. मोठे डॉक्टर जबलपूरकडून नवीन आलेले, कडक, हातात छडी नसून असल्यासारखे उभे राहणारे. बाबा भोपाळला. मी शाळा बुडवून फाटकाशी आले होते, आणि सोमवार म्हणून काकू महाकालाहून परतताना, "जरा बघते तर खरी," म्हणत माझ्या शेजारी थांबल्या होत्या, हातात बेलाची पानं आणि गडू. तू सायकलवर बसलीस. ओठ हलत होते, डोळे उघडे. कडुनिंबाला वळसा घातलास, विहिरीला वळसा घातलास, सगळ्या नर्सबायांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, "ठीक है सिस्टर, हो गया, उतरिए." तू पुन्हा वळसा घातलास. "सिस्टर, उतरिए!" तू जाता जाता म्हणालीस, "सर, उतरना अभी नहीं आता." खरंच होतं ते. आपल्या घरची भिंत धरून उतरायची तुला सवय, आणि दवाखान्यात तुझ्या उंचीची भिंतच नव्हती. तू गोल गोल फिरते आहेस, चेहरा लाल, पाय थकत चालले आहेत, डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या, आणि मला समोर नगरची मावशी दिसायला लागली आहे.

तेव्हा काकूंनी गडू माझ्या हातात दिला. माझ्या हातात, आई! आणि त्या आवारात शिरल्या, तुझ्या वाटेत पाय रोवून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरून ओरडल्या, "या सिस्टर, या माझ्याकडे, घाबरू नका!" तू सरळ त्यांच्या अंगावर गेलीस. त्यांनी तुला सायकलसकट कवटाळलं. बेलाची पानं सगळीकडे. तुम्ही दोघी एकमेकींना धरून डुललात, पडला नाहीत. डॉक्टरांनी कोटावरचं बेलाचं पान झटकलं. मग म्हणाले, "पास. लेकिन उतरना सीख लीजिए, हर गाँव में ये नहीं मिलेंगी." मी गडू छातीशी धरून रडत होते. काकूंनी तो माझ्याकडून परत घेतला, आतल्या पाण्याकडे एकदा पाहिलं, आणि उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकलं. म्हणाल्या, "घसा सुकून गेला माझा."

पुढे तू उतरायलाही शिकलीस. पहिली खरी फेरी नानाखेड्याकडची होती. तिथे तेव्हा सगळी शेतंच. दुपारी एक माणूस धावत आला, बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, आणि तू कॅरियरला पिशवी बांधून निघालीस. शनिवार होता. संध्याकाळी बाबा आले, त्यांनी विचारलं, "आई कुठे?" मी म्हणाले, "सायकलवर गेली," आणि त्यांनी कोटसुद्धा काढला नाही. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. ऊन उतरलं तेव्हा तू दिसलीस. पायी. सायकल हाताने ढकलत, तिच्यावर जवळजवळ रेलून. मी धावत गेले. "पडलीस?" "नाही गं. मुलगी झाली. दोघी छान आहेत." "मग चालत का येऊन राहिलीस?" तू म्हणालीस, "शक्ती संपली."

मी हादरलेच. आपल्या घरात असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. देवाने दिलेली शक्ती संपते? तू पायरीवर बसलीस, बाबांनी आणलेलं पाणी प्यालीस आणि माझा चेहरा बघून हसायला लागलीस. "संपणारच ना. आजच्यापुरती दिली होती, आज वापरून टाकली. उद्याची उद्या मागेन. साठवून कुठे ठेवू, डब्यात?" बाबांनी सायकल आत नेली आणि भिंतीला टेकवली. आपण त्या घरातून कुठेही गेलो नाही. पुढच्या साली बाबांनाही उज्जैनची बदली मिळाली.

आई, आता एक सांगते. मी मात्र नेहमी शक्तीचा साठाच मागत आले. लग्न झालं तेव्हा सगळ्या संसाराची एकदम मागितली, मुलगा आजारी पडला तेव्हा पुढच्या सगळ्या वर्षांची, आणि तू गेलीस तेव्हा तुझ्याशिवाय काढायच्या सगळ्या दिवसांची. तशी ती कधी मिळाली नाही, आणि मी मनातून रुसून बसले, वरून चर्चमध्ये गात राहिले. तुझ्यासारखा माझा विश्वास नाही, हे तुला कधी सांगणं झालं नाही. आज बोटं फार आखडली होती, तरी तुला लिहायचं होतं, म्हणून पहिल्यांदाच फक्त आजच्यापुरती मागून बसले. पुरली. इथपर्यंत अगदी बरोबर पुरली. पाकीट, तिकीट, पत्ता यांच्यासाठी काही उरलेली नाही. त्यासाठी उद्या पुन्हा मागावी लागेल, आणि उद्याची मी बहुतेक नातवाच्या मागे धावण्यातच उडवून टाकीन.