बंद फ्रीज आणि अण्णांची सुई

प्रिय आई,

फ्रीजवाले रफिकभाई मघाशी गेले. जाताना फ्रीजच्या दारावर त्यांनी हलकेच थाप मारली, आपण म्हशीच्या पाठीवर मारतो तशी, आणि म्हणाले, "ताई, अब इसको आराम करने दो." अण्णा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेत. झोप लागलेली नाही, मला पाठीवरून कळतं. घरात बोलायला दुसरं कुणी नाही. आणि फ्रीजचं काही झालं की मी आजवर तुलाच हाक मारत आले. म्हणून लिहायला बसले.

तू गेल्यावर फ्रीज बंद पडला, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर तो बंद केला.

तुला नेलं आणि मागे आत्याबाई स्वयंपाकघरात शिरल्या. देवगाव रंगारीहून निघताना त्यांनी पायात चप्पलसुद्धा घातली नव्हती, इतक्या घाईत आल्या होत्या. डोळ्यांना पदर लावत लावतच त्यांनी फ्रीज रिकामा केला. तू सकाळी मळून ठेवलेली कणीक, बटाट्याची भाजी, ठेचा, विरजण लावलेलं दही, सगळं बादलीत गेलं. मग त्यांनी भिंतीवरचं बटण खाली केलं.

"आत्या, फ्रीज कशाला बंद करता?" मी विचारलं.

"तेरावं होस्तोवर चूल पेटायची नाय, मंग ह्यो कशाला घुरघुरतोय?"

त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं ना? पण बंद फ्रीजचं दार लावून ठेवायचं नसतं, हे मला माहीत होतं. गावाला जाताना तू आतून सगळं कोरडं पुसून दाराच्या फटीत नॅपकिनची घडी घालायचीस. मीही घडी घातली. आत्याबाईंनी काढून टाकली. "उघडं काय ठेवती पोरी, मांजर शिरंल!" संध्याकाळी मी पुन्हा घातली. पण घर माणसांनी भरलेलं, आणि उघडं दार दिसलं की येता-जाता जो तो ते लावणारच. कुणाकुणाला सांगणार होते मी? आणि काय सांगणार होते? आई गेलीय, पण फ्रीजचं दार उघडं ठेवा?

एक मात्र खरं, अण्णांची इन्सुलिनची बाटली आत्याबाईंनी बादलीत टाकली नाही. "औषधाला सुतक नसतंय," असं म्हणून त्यांनी ती समोरच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिली. त्या दिवसांत सुईसुद्धा काकूंच्या घरातली नर्स असलेली सून येऊन देत होती. अण्णा लाकडासारखे बसून राहायचे. कोण टोचतंय, काय टोचतंय, त्यांना कळतही नसावं.

तेरावं झालं, पाहुणे गेले आणि मी बटण वर केलं. आधी नुसता हुंकार आला, मग टक् असा आवाज, मग काहीच नाही. थोड्या वेळानं पुन्हा टक्. दार ओढलं तर ते निघेना, रबर चिकटलं होतं. आतला वास तुला सांगत नाही. तुझ्या फ्रीजला असा वास!

तू त्या रबरावर पावडर लावायचीस, चिकटू नये म्हणून. घड्यांतला मळ काडीला ओलं फडकं गुंडाळून काढायचीस. दारात वर्तमानपत्राचा तुकडा धरून बघायचीस, सहज निसटला तर रबर सैल झालं म्हणायचीस. वीज गेली आणि आली तर लगेच चालू करू द्यायची नाहीस. "धावत आलेल्या माणसाला लगेच पाणी देतो का आपण? बसू दे त्याला जरा." आणि बर्फ खरवडायला सुरी घेतली की तुझा आवाज चढायचा. बजाजनगरच्या एका खोलीत असताना तू मला कडेवर घेऊन फ्रीजरच्या त्याच बर्फावर नखानं गणपतीचा 'ग' काढून दाखवला होतास. शाळेचं तोंड मी नंतर पाहिलं. माझी पहिली पाटी ती.

सगळं शिकवलंस. मग सुई द्यायला का नाही शिकवलंस गं? कितीदा म्हटलं होतं, मला दाखव. "तुझा हात थरथरतो, तू राहू दे," असं म्हणून तू मला प्रत्येक वेळी बाजूला केलंस. थरथरणारा हात शिकून स्थिर झाला असता ना?

सुतक संपलं तसे अण्णा स्वतः काकूंकडे गेले आणि बाटली घेऊन आले. "आपलं औषध लोकांच्या घरात नको." काकूंनी सुनेला पाठवलं, स्वतः येऊन सांगितलं. अण्णांनी हात जोडले आणि दार लावलं. मला म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दारात उभा राहू का, फ्रीज उघडा म्हणून? आपला फ्रीज चालू होऊ दे. मी माझी सुई घेतो."

नवीन फ्रीज घेऊ म्हटलं. तर असं बघितलं माझ्याकडे! "तिचा असताना?"

आधी ते सांगायचे, घेतली सुई. मला शंका येत होती. तू म्हणायचीस ना, माझ्या मनात शंकेचं घर आहे. मी बाटलीवर पेनानं बारीक रेघ ओढून ठेवली. औषध त्या रेघेवरून हललं नाही. विचारलं तर म्हणाले, "उन्हाळ्यात गरम झालेलं औषध टोचून काय उपेग?"

मग मी नवी बाटली आणली. डॉक्टरांना विचारून माठात वाटी तरंगत ठेवली, त्या वाटीत बाटली, वर ओलं फडकं. बाहेर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही इतकं ऊन, पण माठातलं औषध गार राहतं, हात लावून बघते मी. अण्णा म्हणाले, "माठातलं औषध? नाय." त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झालीय. ती वाळत नाही. रोज धुते, पट्टी बांधते, आणि रोज ती थोडी मोठी दिसते. मला भास होतो की खरंच मोठी होते, ते मला ठरवता येत नाही. डॉक्टरांना मात्र ठरवता आलं. "साखर आटोक्यात आली नाही तर पायाचं सांगता येत नाही," ते म्हणाले.

म्हणजे कळतं ना आई, आज रफिकभाई आले तेव्हा माझा जीव कशात अडकला होता? फ्रीज चालू झाला की अण्णांना दुसरी सबब राहणार नव्हती.

रफिकभाईंनी मागचा पत्रा उघडला आणि मान हलवली. "कायकू बंद किए जी इसको? जुना कॉम्प्रेसर है. चलता था तब तक चलता था. एक बार बैठा तो उठता नईं."

अण्णा स्टूल घेऊन शेजारी बसलेले. म्हणाले, "उठवा की मग. त्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला."

"काका, मैं मिस्त्री हूँ, बाबा नईं!"

तू गेल्यापासून पहिल्यांदा अण्णा हसले. खरंच हसले गं! मी चहा टाकायला वळले ते डोळे पुसायलाच.

रफिकभाईंनी लाकडी हातोडीनं ठोकून बघितलं, वेगळी वायर लावून झटका देऊन बघितला. जाम तो जामच. शेवटी दुकानातून एक वापरलेला कॉम्प्रेसर आणून जोडला, गॅस भरला, आणि फ्रीज सुरू झाला. तोच आवाज, आई! तोच घुरघुराट. अण्णांनी तळहात फ्रीजच्या अंगावर टेकवला आणि तसाच ठेवला. मला हाक मारली, "सुमे, ऐकू येतंय का?" फ्रीजरच्या पत्र्यावर दव धरलं, मग पांढरी साय धरली. मी माठातली बाटली काढून दारातल्या कप्प्यात ठेवली. अण्णा म्हणाले, "राहू दे तिथंच. जेवायच्या आधी घेतो."

जेवायच्या आधीच ती साय विरघळली. आवाज चालू होता, पण गारवा जात होता. रफिकभाई परत आले, साबणाचा फेस लावून सगळे जोड तपासले. जोड चांगले होते. गॅस फिरतो ते आतलं कॉइल सडलंय, ते म्हणाले. ते पत्र्याच्या आत फोममध्ये गाडलेलं असतं, तिथपर्यंत हात पोचत नाही. कितीही गॅस भरा, निघून जाणार. "ये आज का नईं है ताई. आगे-पीछे होनाच था."

म्हणजे आत्याबाईंनी बटण खाली केलं नसतं तरी हा गेलाच असता. रागवायलाही आता कुणी उरलं नाही.

ते गेल्यावर मी अण्णांजवळ जाऊन बसले. "अण्णा, आता फ्रीजची वाट बघायची नाही. सुई घ्या."

ते म्हणाले, "ती पोटाला चिमटा धरायची. मी खिडकीकडं बघायचो. एवढ्या वर्षात सुई कसली असती ते बी पाहिलं नाय मी."

"मी धरते चिमटा. तुम्ही खिडकीकडं बघा."

"नको."

"माझा हात थरथरतो म्हणून?"

"नाय गं पोरी." पाठ फिरवता फिरवता ते बोलले. "कुणाच्या हाताची सवय लई वाईट. पुन्यांदा नाय लावून घ्यायची मला."

मी पायाची पट्टी बदलली आणि बाहेर आले.

तुला वचन द्यावं तर कशाचं देऊ? फ्रीज चालू करीन, असं आता म्हणवत नाही. अण्णांचा पाय वाचेल, असंही म्हणवत नाही, खोटं बोलायला तू शिकवलं नाहीस. एवढंच सांगते. काकूंच्या सुनेनं मला आज दुपारी सुई भरायला शिकवलं. उद्या सकाळपासून मी सुई भरून त्यांच्यासमोर उभी राहीन. ते नको म्हणतील. भरलेलं औषध परत बाटलीत घालायचं नसतं, म्हणून मी ते मोरीत ओतीन, आणि संध्याकाळी पुन्हा भरून उभी राहीन.

तुझी,
सुमी