सात नंबरचा व्हॉल्व्ह

प्रिय दादा,

भिंतीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्या भावाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. समोर बसून बोलले असते, तर ‘गप गं, चहा टाक’ म्हणून तू विषय मिटवला असतास. उद्या दहाला तुझी चौकशी आहे. बावीस वर्षांची नोकरी जाईल आणि वर निष्काळजी फिटर म्हणून शिक्का बसेल, हे तुला माहीत आहे. तरी तू शांतपणे बूट पुसत बसला होतास.

आधी तुझ्या मदतनीसाची, लंबूची खबर. पट्टी अजून कोपरापर्यंत आहे, पण बोटं हलतात. बायको भरवते तेव्हा लाजतो आणि म्हणतो, आयतं खायची सवय लागली तर हिचंच नुकसान. तुझ्यावर त्याचा राग नाही. मला मात्र त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

नवी यंत्रणा बसवली ते दिवस आठव. बाटल्या धुण्याच्या विभागातला एकेक व्हॉल्व्ह माझ्या पडद्यावरच्या चित्राशी जोडायचा होता. वायरीवरच्या नंबरावर विसंबायचं नाही, हा तुझा कायदा. तू खाली व्हॉल्व्हवर हात ठेवायचास, मी वर कंट्रोल रूममध्ये बटण दाबायचे, हाताला थरथर लागली की तू वॉकीटॉकीवर ‘आला’ म्हणायचास. मगच मी यादीत टिक करायची. दारात जावई आल्यासारखा काय ओरडतोस, म्हणून मी तुला चिडवायचे.

सहा झाले. सात आणि आठ टाकीखाली होते, तिथे सरपटत जावं लागलं असतं, आणि तुझा गुडघा सकाळपासून ठणकत होता. तरी तू खाली शिरायला निघाला होतास. मीच म्हटलं, राहू दे, वायरीवर नंबर आहेत की. तू कुरकुरलास, मी दटावलं. शेवटच्या दोन टिका मी ‘आला’ न ऐकताच केल्या.

तीन आठवड्यांपूर्वी तू खालून सांगितलंस, सात बंद कर. मी केला. पडद्यावर सात लाल झाला, बंद. लंबूने पाइप खोलला आणि उकळतं पाणी त्याच्या हातावर आलं. ती किंकाळी मला वॉकीटॉकीवर ऐकू आली.

नंतर तपासणी झाली. मी सात दाबला, सात नंबरची पाटी असलेलाच व्हॉल्व्ह हलला. माझी जोडणी बरोबर ठरली. तू लगेच म्हणालास, घाईत मीच लंबूला आठचा पाइप दाखवला. खरं सांगते दादा, मला सुटल्यासारखं वाटलं. मनात त्या दोन टिका टोचत होत्या, पण मी झोपेचं सोंग घेतलं. लाज वाटते लिहायला.

आज दुपारी फोनमधले यंत्रणा बसवतानाचे फोटो उघडून पाहिले. त्यात सातची पाटी भिंतीकडच्या पाइपवर आहे. टाकीखाली सरपटत गेले. भिंतीकडे आता आठची पाटी होती. पाट्यांच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे होते. लंबूला उचलून सगळे फाटकाकडे धावले, तेव्हा मागे तू एकटाच राहिला होतास. म्हणजे वायरींचे नंबरच उलटे होते, त्या दिवशी मी सात दाबला आणि बंद झाला आठ. पाट्यांची अदलाबदल करायला तुझ्या हाताला किती वेळ लागणार.

तिथेच टाकीखाली बसून मी रडले, आणि मग तुझा भयंकर राग आला. अरे, पाइपांच्या नकाशात सात अजून भिंतीकडेच आहे. उद्या कोणी नकाशा बघून पाइप खोलला असता तर? मला वाचवायच्या नादात तू आणखी एका लंबूचा हात पणाला लावलास. तुला हे कळलं नसेल असं मी मानत नाही.

चार वाजता मी साहेबांना सगळं लिहून दिलं. दोन्ही पाइप बंद करून घेतले. न तपासता केलेल्या टिका माझ्या, असं लिहून खाली सही केली. मग त्यांनी विचारलं, पाट्या कोणी बदलल्या? ‘मीच’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण एका खोट्याने लंबूचा हात भाजला, दुसरं तू केलंस, तिसरं माझ्याने होईना. मी तुझं नाव सांगितलं. उद्या तो कागद ते तुझ्यापुढे ठेवतील, आणि तुला ते त्यांच्याकडून आधी कळू नये, म्हणून हे पत्र. नोकरी कदाचित दोघांचीही जाईल. आईला सकाळी मी सांगेन. साडेनऊला फाटकाशी थांबते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण आत माझ्याबरोबर चल.

तुझीच,
धाकटी