आभाळातल्या शिवा

कराची, १९ सप्टेंबर १९४७

ती. चतुराआजीच्या पायांवर डोकं ठेवून नीलाचा नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. इथं शेजारची दारं एकेक करून बंद होत चाललीत. यांच्या गोदीतल्या साहेबानं पुढच्या महिन्याचं विमानाचं तिकीट मिळवून दिलंय. कराची ते मुंबई साडेपाचशे मैल, अन् चार तास म्हणे! पण जागा एकच. यांना गोदी सोडत नाही. मला सातवा लागलाय. तूच सांगायचीस, गर्भारणीनं दर शिवेवर थांबून भाकरतुकडा टाकावा. विमान तर कुठल्याच शिवेवर थांबत नाही. मग मी जाऊ नये ना? लवकर कळव.

तुझी लाडकी,
नीला

डोंगरकडा, २९ सप्टेंबर

चि. नीलाला आशीर्वाद.

तुझं पत्र मुंबईपर्यंत उडत आलं असंल, तिथून पुढं मात्र रांगत आलं. तुझा बाप सोनाजी म्हणाला, चार तासांत आपली गाडी हिंगोलीलाबी पोचत न्हाई. मी म्हणलं, बैल तुझ्यावरच गेलेत.

शिवेचं मला शिकवू नको. भुतंखेतं बाभळीवर बसतात. एवढ्या उंच चढायला त्यांना काय पडलंय? मन खातच असंल तर निघताना सगळ्या शिवांच्या नावानं एकच तुकडा टाक अन् बस. खरं म्हणजे तुला नवऱ्याला सोडवत न्हाई. तसं सरळ लिहायला काय झालं होतं? नवरा मागून येईल. पोटातलं लेकरू मागून येत न्हाई. पहिलं बाळंतपण माहेरीच होईल. तारीख कळव, सोनाजी मुंबईला येईल. रडायचं तर विमानात रड. चार तास पुरतात.

माया हायच, लिहायला जागा न्हाई.
चतुराबाई

डोंगरकडा, ११ जानेवारी १९४८

नातजावई संतराम यांस चतुराबाईचा रामराम.

नीला सुखरूप बाळंत झाली. पोरगी हाय. नाक तुमचं, आवाज आमचा. नीला सांगत होती, विमानातून तिनं खाली लई पाहिलं, पण एकबी शीव दिसली न्हाई; कुणाचं रान कुठं संपतं तेच कळेना. मी म्हणलं, खाली तर त्याच्यावरूनच माणसं एकमेकांच्या जिवावर उठून राहिलीत.

तुमची पत्रं येतात. दर पत्रात पुढच्या महिन्यात येतो म्हणता. नीला वाचते, घडी घालते, कामाला लागते. चार तासांच्या वाटंला तुमाला एवढे महिने काहून लागून राहिले, ते मी विचारत न्हाई. विमान उडतं बराबर, पण माणसानं आधी जागचं उठावं लागतं.

बाराव्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमल्या. नाव काय ठेवायचं म्हणून विचारू लागल्या. नीला पाळण्याची दोरी ओढत राहिली. मी सगळ्यांच्या पदरात घुगऱ्या घातल्या अन् वाटंला लावलं. बाप आल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई, असं सांगितलं. सध्या लेकराला नुसतं ‘ए’ म्हणतो. ते बघतंबी. तेच नाव वाटायला लागायच्या आत या.

लोभ असंल तर तो इथं येऊन करा.
चतुराबाई