हेक्टरच्या सापळ्यांची वाट

१४ ऑक्टोबर १९८९, शनिवार. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. सरोवराच्या काठाला पातळ बर्फ धरला आहे. हेक्टरच्या कबरीभोवतीच्या कुंपणाला पांढरा रंग दिला. दुपारी गावातला सायलस लिंक्लेटर येऊन चहा पिऊन गेला. त्यानंतर मृत्युपत्राचे राहिलेले लिखाण पुरे करायला बसले.

मी, एस्तर मेरास्टी, वय एकाहत्तर, राहणार लून नॅरोज, उत्तर सस्कॅचेवान, कॅनडा, हेक्टर मेरास्टी यांची विधवा, हे माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असे शाळेच्या बाईंनी सांगितले.

१. राहते घर मुलगी वर्ना हिला. ती सस्काटूनला परिचारिका आहे. इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. विकले तरी चालेल. मात्र हेक्टरने दार बाहेरच्या बाजूला उघडणारे बसवले आहे आणि बर्फ साचला की ते उघडत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. दर हिवाळ्यात आम्ही खिडकीतून बाहेर पडलो आणि दर उन्हाळ्यात तो दार दुरुस्त करायचे सोडून मासे पकडायला गेला.

२. माझा बीव्हरच्या फरचा कोटही वर्नाला. शहरात ती फर घालत नाही, लोक टोकतात. युरोपातही आता फारसे कोणी घालत नाही म्हणतात. त्यामुळेच कातड्यांचे भाव पडले आणि इथली निम्मी माणसे खाणीत कामाला गेली. मी तिला बोल लावत नाही. नाताळात गावी येईल तेव्हा घालावा. इथे टोकणारी फक्त थंडी आहे.

३. हेक्टरची लिंक्स या रानमांजराच्या कातड्याची टोपी प्रिन्स अल्बर्टचे फर व्यापारी श्री. डॉसन यांना. आमच्या प्रत्येक लिंक्सच्या केसांवर फुंकर मारून ते "दुसऱ्या प्रतीचं" म्हणत आले. पहिल्या प्रतीचे कसे असते ते त्यांनी एकदा पाहावे.

४. सापळ्यांची वाट, म्हणजे फरच्या जनावरांसाठी सापळे लावायचा हेक्टरचा रानातला पट्टा. तिची नोंदणी सरकारची आहे, ती माझ्या मालकीची नाही. पण अधिकारी घरच्यांची इच्छा विचारतात. या हिवाळ्यात तिच्यावर कोणी सापळे लावले नाहीत तर ती सरकारजमा होईल आणि बाहेरच्या कोणाला तरी जाईल. हेक्टर जन्मभर त्या वाटेवर चालला. बीव्हरच्या प्रत्येक घरात त्याने विणीसाठी एक जोडी न मारता राखली.

ही वाट सायलस लिंक्लेटर याला मिळावी.

गावाला नवल वाटेल म्हणून कारण लिहिते. रानात अडकलेल्या भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या सापळ्यातले जनावर खावे, पण कातडे मालकासाठी वाटेवर टांगून ठेवावे, अशी आमची रीत आहे. टांगणाऱ्याने त्याबद्दल बोलायचे नसते. नऊ वर्षांपूर्वी हेक्टरचा सापळा रिकामा निघाला. बाजूला रक्त होते आणि सायलसच्या बर्फावर चालायच्या जाळीदार जोड्यांचे ठसे. कातडे कुठेच नव्हते. हेक्टरने दुकानात चारचौघांत त्याला चोर म्हटले. सायलस काही बोलला नाही. पुढे दोघे एकमेकांशीच बोलले नाहीत.

या सप्टेंबरात मी होडीने हेक्टरचे सापळे आणायला गेले. जुन्या वाटेवरच्या स्प्रूसच्या झाडाला कातडे ताणायचे विलोच्या काडीचे कडे टांगलेले दिसले. उंदरांनी खाऊन उरलेली बीव्हरच्या कातड्याची किनार त्यात नीट शिवलेली होती. त्या वर्षी बर्फावर पाणी चढले म्हणून हेक्टरने त्या सापळ्याकडे जायची वाट सुळक्याच्या पलीकडून नेली होती आणि ती पुन्हा बदलली नाही. सायलसला ते ठाऊक नव्हते, त्याने कातडे जुन्या वाटेवर टांगले.

हेक्टर मार्चमध्ये गेला. हे कडे त्याने पाहिले असते तर तो मासे घेऊन सायलसकडे गेला असता.

आज मी सायलसला मृत्युपत्राचे सांगितले.

"साक्षीदार हवाय का वहिनी? कुठे सही करू?"

"तुझी चालत नाही. तुझं नाव आत आहे."

"आत? शिव्या दिल्यात की काय?"

"वाट दिलीय."

त्याने एक घोट घेतला. त्याची स्वतःची वाट या उन्हाळ्याच्या वणव्यात जळून गेली. त्याने कोणाकडे काही मागितले नाही.

"लोक म्हणतील, चोराला वाट दिली."

"कडं सापडलं मला. जुन्या वाटेवर."

"सापडलं?" त्याने कप खाली ठेवला. "अहो, मला काय माहीत तो वाट बदलेल! एकदा बसवलेलं दार न बदलणारा माणूस!"

मला हसू आले. मग त्यालाही आले. मार्चनंतर या घरात कोणी असे हसले नव्हते.

"पण बीव्हर जाडजूड होता हं वहिनी," डोळे पुसत तो म्हणाला. "शेपटीची चव अजून आठवते."

तरी सर्वांनी वाचावे: सायलस लिंक्लेटर चोर नाही. हे कलम दुकानातल्या शेगडीजवळ मोठ्याने वाचावे, कारण तो शब्द तिथेच उच्चारला गेला. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये, सोमवारीच वाचावे. वाटेवरही त्याने याच हिवाळ्यापासून माझा मदतनीस म्हणून जावे. जोडी राखावी.

याहून अधिक मला द्यायचे नाही व कोणाचे काही राहिलेले नाही.

एस्तर मेरास्टी (सही)

आमच्यासमोर सही केली:
फ्लोरा कस्टर, शिक्षिका (सही)
आयझॅक बर्ड, चर्चमधील वाचक (सही)

लून नॅरोज, १४ ऑक्टोबर १९८९

दोघे साक्षीदार गेले. मी मोठ्या हंड्यात स्प्रूसची साल टाकून पाणी उकळले आणि लोखंडाला लागलेला माणसाचा वास जावा म्हणून हेक्टरचे सापळे एकेक करून त्यात सोडले.