बावीस मोजेपर्यंत

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे म्हणतेस. तू बरा म्हणालीस की मला जास्तच काळजी वाटते. उगाच जिने चढू नकोस.

मी इथे नेमकं काय करते असं विचारलंस. आम्ही चौघं मिळून सहा मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतोय. सध्या तिचं स्टोरीरील चाललंय. पेन्सिलीनं काढलेली कच्ची चित्रं भिंतीवर ओळीनं टाचायची, कुठलं किती सेकंद दाखवायचं ते ठरवायचं, आमचेच आवाज द्यायचे आणि पडदे ओढून सगळ्यांनी एकत्र बघायचं. गोष्ट इथे उभी राहिली तरच पुढचं काम. गोष्टीतल्या आईचा आवाज तात्पुरता आमच्या संकलकानं दिलाय. घोगऱ्या आवाजात तो मुलीला निरोप देतो तेव्हा हसून हसून आमची पुरेवाट होते.

गोष्ट माझी आहे. दुपारी सगळे पेंगले की एका मुलीचं घर जमिनीवरून अलगद सुटतं आणि तरंगत वर जातं. मग आई दार उघडते, ढगावर पाऊल टाकते आणि मागे न बघता चालत जाते. ती कुठली आई, हे तुला सांगायला नको.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी खारू

१९ फेब्रुवारी

चि. खारूस, अ. उ. आ.

माझ्या गुडघ्याचा पिच्छा सोड. फोटो स्टुडिओ बंद करून चार वर्षं झाली, पण डार्करूम तशीच ठेवली आहे. अधूनमधून जुन्या निगेटिव्हवरून फोटो छापते. लाल दिव्यात कागद औषधाच्या तबकात बुडवायचा आणि फोटो उमटेपर्यंत तोंडानं अंक मोजायचे. ही मोजायची खोड आता दूध तापवतानाही सुटत नाही.

घर तरंगतं ते मला फार आवडलं. शेवटाबद्दल मात्र आज लिहवत नाही. संकलकाला म्हणावं, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर.

सुखात राहा, पत्राला आळस करू नकोस.
तुझी आत्या

४ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आज माझं डोकं फिरलंय. सोमवारी खिडकी उघडी राहिली आणि वाऱ्यानं भिंतीवरची निम्मी चित्रं खाली आली. संकलकानं ती उचलून पुन्हा टाचली. सुरुवातीचं एक चित्र आहे. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली आहे आणि आई दारात उभी राहून तिच्याकडे बघते. या शहाण्यानं ते नेमकं शेवटी लावलं. म्हणजे आई ढगावर चालत जाते आणि मग परत दारात! रील संपलं. दिग्दर्शिका बाईंनी चष्मा काढून पुसला आणि शेवट हाच हवा म्हणाल्या.

मी म्हटलं, हे खोटं आहे. मी सहा वर्षांची होते. आई हॉस्पिटलला निघाली, मला नेत नाहीत म्हणून मी रुसून भिंतीकडे तोंड केलं होतं. जाते म्हणाली आणि दार धाडकन लागलं. ती परत आलीच नाही. तीस वर्षं तो आवाज माझ्या कानात आहे, आत्या. आणि आता चुकून टाचलेल्या चित्रानं मी स्वतःची समजूत घालून घेऊ?

गोष्ट माझी म्हणून बाईंनी शेवट माझ्यावर सोपवलाय. पंधरा तारखेला रील दाखवायचं आहे. मी ते चित्र काढून टाकणार.

रागावलेली असले तरी तुझीच,
खारू

८ मार्च

चि. खारूस, अ. उ. आ.

ते चित्र काढू नकोस.

दार वहिनीनं लावलं नव्हतं, वाऱ्यानं आपटलं. दादा खाली गाडीपाशी थांबला होता. वहिनी दोन पायऱ्या उतरली होती, ती तशीच मागे फिरली. कडी न वाजवता तिनं दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली. तुझ्या उशाशी बसलेली मी तुला हाक मारणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं. तू वळली असतीस तर तिचा पाय निघाला नसता. ती तुझ्या सुटलेल्या वेणीकडे बघत होती. मला काही सुचेना, म्हणून मी सवयीनं मोजत राहिले. बावीस झाले तेव्हा ती गेली. फोटोच्या कागदावर चेहरा उमटायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

तुला सांगितलं नाही, कारण आपण वळलो असतो तर आई थांबली असती, असं तुझ्या मनानं घेतलं असतं. लहान जिवाला ते ओझं नको म्हणून गप्प बसले. तू भलतंच ओझं घेऊन हिंडत होतीस हे तुझ्या पहिल्या पत्रात कळलं, तरी मला धीर झाला नाही. माझं चुकलं गं.

जमलं तर मला पदरात घे.
तुझी आत्या

१६ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. तुझ्यावर चिडले, मग खूप रडले, मग तोंड धुऊन कामाला गेले.

ते चित्र शेवटीच राहिलं. बावीस सेकंद ठेवायचं म्हटल्यावर संकलकानं कपाळाला हात लावला. लोक उठून जातील म्हणाला. मी त्याला आधी बघ म्हटलं, आणि तिथले आवाज सगळे काढून टाकले. चित्रातल्या त्या मुलीला वळवावं म्हणून खोडरबर घेऊन तासभर बसले होते. नाही वळवलं. तिला झोपू दे.

काल पडदे ओढून रील पाहिलं. घर सुटलं, तरंगलं, आई ढगांवरून गेली आणि मग दारात उभी राहिली. मी तुझ्यासारखी तोंडातल्या तोंडात मोजत होते. कोणी उठलं नाही. बावीसला मीच खुर्चीत वळले आणि मागच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पण माझा रुसवा गेला, आत्या.

मी तुला पदरात कसली घेऊ, तुझाच पदर धरून वाढले आहे. तो असाच धरू दे.
तुझी खारू