जांभळ्यापाशी थांबलेली फळी

बाबा, तुझ्या होडीची फळी बघायला परवा मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं आपल्या गावात, घिवलीत आली होती. एका मोठ्या संग्रहालयाची समिती. समिती म्हटल्यावर आईला पंचायत समितीच वाटली आणि तिने रेशनकार्ड काढून ठेवलं. मी तिला समजावलं, की ही सरकारी नाही. पैसेवाली माणसं वर्षाला वर्गणी काढतात आणि त्यातून संग्रहालयाला आजच्या कलावंतांची कामं घेऊन देतात. कुठल्या भागातलं काय घ्यावं ते संग्रहालयातले जाणकार सुचवतात, मग ही मंडळी तिथे जाऊन बघतात आणि परत गेल्यावर बैठकीत हात वर करून ठरवतात. आई म्हणाली, "म्हंजे गणपतीचं मंडळ." तसंच, म्हटलं. "मंग पावती फाडाया येतान काय?" नाही, उलट आहे, हे देणारे आहेत. यावर तिचा विश्वास बसला नाही, पण चहाचं मोठं पातेलं तिने चढवलं.

हे सगळं घडवून आणलं तिने. ती म्हणजे तारापूरच्या वसाहतीतली, चित्रकलेच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी तिसऱ्या वर्षी एका सरांशी भांडून बाहेर पडलो, ती शिकून त्या संग्रहालयात लागली. त्यांच्याकडे डोंगरातलं काम आहे, वऱ्हाडातलं आहे, पार आसामातलं आहे, आपल्या किनाऱ्याचं काहीच नाही. म्हणून तिने माझी फळी सुचवली, तिची ही पहिलीच शिफारस. फळी घेतली तर माझं कुठेतरी काहीतरी झालं असं होईल, आणि मग मी तिच्यापुढे जरा ताठ उभा राहू शकेन. मला संग्रहालयापेक्षा हे दुसरंच जास्त हवं होतं.

तू गेल्यावर काकाने होडी पाण्यात घातलीच नाही. ती वाळूवर पडून राहिली आणि शेवटी मोडली, तेव्हा पुढच्या टोकाची ही एक फळी मी उचलून आणली. पॉलिश पेपरने जागोजागी घासत गेलो, तसे तुझे एकेका वर्षाचे रंग वर आले. पावसाळ्यात होड्या वर काढल्या की तू बोईसरला कंत्राटदाराकडे फॅक्टरीतले पाइप रंगवायला जायचास. पाण्याचा हिरवा, हवेचा आकाशी, गॅसचा पिवळा. उरलेला डबा कंत्राटदार द्यायचा आणि नारळी पौर्णिमेच्या आधी तोच रंग होडीला लागायचा. एका वर्षी तू जांभळा आणलास. सायकलच्या हँडलला डबा लटकतोय आणि तू लांबूनच हसतोयस. काका ओरडतो, "ॲसिडच्या पाइपाचा रंग हाय तो. म्हावरं पळंल ना!" तू म्हणतोस, "पळू दे. असा जांभळा बंदरावर कोनाकडं हाय काय, ते सांग." मी घाईने ब्रश बुडवून ओल्यावरच दुसरा हात मारतो, तर तू माझं मनगट धरतोस. "सुकू दे. घाई केली का खालचा पन उचलतो." मग रुसू नये म्हणून डब्याचं झाकण मला देतोस, तळाशी रंग राहिलेलं. त्या झाकणातल्या रंगाने मी अंगणातला दगड जांभळा केला होता.

परवा ती मंडळी पडवीत फळीभोवती उभी होती. चष्मा गळ्यात अडकवलेल्या एक बाई खाली वाकून बघत होत्या. चांगल्या होत्या, आईने दिलेला बोंबलाचा तुकडाही त्यांनी खाल्ला. म्हणाल्या, "समुद्राच्या अंगावर कारखान्याचे थर. किती मोठी तक्रार आहे ही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, तक्रार नाहीये, त्यांना रंग आवडायचे. मग कोपऱ्यातल्या न घासलेल्या जांभळ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथे का थांबलात?" मी कॉलेजात ऐकलेलं फेकलं, रचनेला विसावा हवा होता. त्यांना पटलं. आणि मग अगदी हळू आवाजात, "वडील कशाने गेले?"

बाबा, त्या वेळी सगळे फळी सोडून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना एकच उत्तर हवं होतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ताडावरून पडून. ताडी काढायला चढले होते. ताडी शुद्ध होती, तिच्यात कुठल्या फॅक्टरीचं काही नव्हतं. ऐकून निराशा झाली असेल तर माफ करा." आई दारात ट्रे घेऊन उभी होती. ती ट्रे तसाच घेऊन आत वळली.

त्यांच्याबरोबर आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीने मला गाडीपाशी गाठलं. "तुला एकदा तरी गप्प बसता येतं का रे?"

"माझ्या बापाला फॅक्टरीने मारलं, हे तू सांगितलंस ना त्यांना?"

"मी नाही सांगितलं. त्यांनी गृहीत धरलं."

"आणि तू धरू दिलंस."

ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "बरं. मग कशाने गेले? त्यांना नको सांगूस, मला सांग." मी वळून घरात आलो. गाड्या गेल्या.

ताडाचं तर मी रागाने ठोकून दिलं होतं. पण मी तिला काय सांगणार होतो? तू दोन पावसाळे खोकत होतास. नाकाला टॉवेल बांधून पाइपांवर फवारा मारायचास आणि घरी आलास की टॉवेलवर त्या दिवसाचा रंग असायचा. बिडीही ओढायचास. पालघरच्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरून मान हलवली, आणि कशाने झालं हे आपल्यापैकी कुणी विचारलंच नाही. म्हणजे त्या बाई म्हणत होत्या ते खरंही असेल. असेल. पण लांबून हसत येणारा तू फळीशेजारी लावायच्या त्यांच्या पाटीवर मावत नाहीस, आणि तेवढंच लिहिलं तर लोक फक्त खोकणारा माणूस बघतील. मला तू आनंदात आणलेला रंग आवडतो, आणि त्यानेच तुला नेलं का, हे मला माहीत नाही. या दोन गोष्टी एका ओळीत कशा लिहायच्या, ते कॉलेज पुरं केलेल्यांना येत असेल.

शुक्रवारी त्यांची बैठक आहे. आज तिचा मेसेज आला, "फळीसोबत वडिलांबद्दल दोन ओळी हव्यात. खऱ्या दे." बाकी काही नाही. मी लिहितो आणि खोडतो. तिला लिहायच्या दोन ओळी जमेनात म्हणून तुला एवढं लिहीत बसलोय. हे तर कुठे पाठवायचंही नाही.

रचनेला विसावा वगैरे काही नव्हतं, बाबा. त्या जांभळ्यात तुझ्या ब्रशचा एक केस चिकटलाय. तो दिसला आणि माझा हात पुढे गेला नाही.