निशिकांतने नट बरोबर आवळले होते

गाडीच्या इंजिनाखाली जादा तेलासाठी लावायच्या एका डीप संपची खरी किंमत अशी: वस्तू एकशे वीस डॉलर, स्टड आणि गॅस्केट पस्तीस, वरचे तेल पंचवीस. फुटल्यावर टोइंग दीडशे, इंजिन पुन्हा बांधायला चार हजार सहाशे. शिवाय माझा मित्र निशिकांत याच्याविना गेलेले चार वर्षांतले रविवार. त्यांचा भाव मला काढता आला नाही, म्हणून हा कागद.

मी, दिलीप केशव खांबेटे, वय अडुसष्ट, राहणार तोआ पायोह, सिंगापूर, येत्या गुरुवारी बायपासला जाण्यापूर्वी, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे तर आपखुशीने हे मृत्युपत्र करीत आहे. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. मसुदा माझा स्वतःचा आहे. तीन आठवडे लायब्ररीत बसून कायदा वाचला. यात कोणी फट शोधून दाखवली, तर सुरेखाने त्याला माझ्या खर्चाने जेवू घालावे.

कलम १. राहता फ्लॅट माझ्या व पत्नी सुरेखाच्या संयुक्त नावावर आहे. तो माझ्यामागे आपोआप तिचा. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्य निर्वाह निधीचे, नॉमिनेशनही तिच्याच नावे आहे. ही दोन्ही या कागदात येत नाहीत, पण नातेवाईक विचारतात म्हणून लिहिले.

कलम २. बँकेतील रकमेपैकी दोन हिस्से सुरेखाला, एक हिस्सा कन्या आर्या हिला. ही रक्कम जहाजांच्या पंपांचे सुटे भाग विकून जमली. इचलकरंजीत मी सोळाव्या वर्षी यंत्रमागावर लागलो, तेव्हा ऐंशी माग एकदम चालत असताना कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय ते मला ऐकू यायचे. त्याच कानावर इथल्या गोदीत नोकरी टिकली आणि पुढे दुकान उभे राहिले. माझ्या बापाने मला दुसरे काही दिले नव्हते.

कलम ३. हत्यारांची लाल पेटी, नट मापाने आवळायच्या टॉर्क पान्यासह, आर्याला. पाना वापरून झाला की सैल करून ठेवावा. उसना देऊ नये, नवऱ्यालासुद्धा.

कलम ४. पुतण्या धवल याला माझा लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आतले बेअरिंग बोलते. "काकांना हल्ली काही ऐकू येत नाही, बिनधास्त बोला," असे तो गेल्या गणपतीत स्वयंपाकघरात म्हणाला. मी हॉलमध्ये होतो.

कलम ५. माझी १९७० सालची बीटल, जी जुन्या गाड्यांच्या परवान्यावर वर्षातले ठराविक दिवसच रस्त्यावर येते, ती माझे मित्र निशिकांत वासुदेव ढमढेरे यांना द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

या गाडीला रेडिएटर नाही. इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होते, आणि इथल्या उकाड्यात तेलाचा काढा होतो. २०१४ मध्ये मी इंजिनाच्या पोटाला डीप संप, म्हणजे दीड लिटर जादा तेल मावेल असा खोल चेंबर लावायचे ठरवले. पण दिसायला छान म्हणून गाडी मी आधीच दोन इंच खाली घेतलेली. आर्या तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, सो लो फॉर व्हॉट, ला?" निशिकांतने माझ्यासोबत कारपार्कमध्ये लोळून संप बसवला. नट त्याने आवळले, सांगितल्या मापाने, एकाआड एक. मग जमीन आणि संप यांच्या मधे उभी मूठ घालून म्हणाला, "रिकाम्या गाडीला जेमतेम जातेय. चार माणसं बसली की अडकणार. आधी गाडी वर घे."

दिवाळीत आम्ही दोघे, दोघांच्या बायका आणि मागच्या सीटवर चिवड्याचे दोन डबे, वुडलँड्सला फराळाला निघालो. आमच्याच कारपार्कच्या हंपवर, म्हणजे गतिरोधकावर, खालून ठक्क झाले. एक्स्प्रेसवेवर खडखड सुरू झाली. निशिकांत म्हणाला, "दिल्या, थांब, तेलाचा दिवा लागलाय."

मी म्हणालो, "दिवा चुकतो, माझा कान चुकत नाही. नुसते टॅपेट वाजताहेत, किरकोळ आहे."

पुढच्या तीन किलोमीटरमध्ये इंजिन जाम झाले. फराळाच्या ठिकाणी पंचवीस माणसांसमोर मी सांगितले की निशिकांतने नट जास्त आवळले, म्हणून संप तडकला. तो ताट ठेवून बसने घरी गेला.

तरी मी येथे शपथेवर नमूद करतो की इंजिन उतरवल्यावर मी स्वतः पाहिले. नटांच्या जागा शाबूत होत्या. संप तळाला, हंप लागला तिथे फुटला होता. हे मला नोव्हेंबर २०१४ पासून ठाऊक आहे. गाडी आता वर घेतली आहे. पुन्हा डीप संप लावायचा झाल्यास चार माणसे बसवून मूठ घालावी.

कलम ६. उरलेसुरले सर्व आर्याला. अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ७. हे कलम आधी ठरलेले नव्हते. आज तीनला सही करायची होती. साक्षीदार दोन लागतात, दोघे एकाच वेळी समोर हवेत. शेजारच्या सविताताई वेळेवर आल्या. दुसरा ठरलेला साक्षीदार अभय, तो मलेशियातल्या जोहोरहून परतताना सीमेवर कॉजवेच्या गर्दीत अडकला. सुरेखाने मला न विचारता फोन फिरवला, आणि चार वाजता दारात निशिकांत.

त्याने उभ्याउभ्या सगळे वाचले. पाचव्या कलमाशी बराच थांबला. मग म्हणाला, "बोललास पंचवीस माणसांत, आणि कबूल करतोयस मेल्यावर?"

मी तिथल्या तिथे सुरेखा आणि सविताताईंसमोर तोंडाने सांगितले की नट बरोबर होते, चूक माझी. सविताताईंना कसले नट ते कळले नाही, पण त्यांनी मान डोलावली.

निशिकांतने चष्मा पुसला. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे पान लायब्ररीत नव्हतं वाटतं? मी सही केली की गाडी माझी नाही."

मी म्हणालो, "मग थांब. सहापर्यंत अभय येईल."

"गाडी घेऊन मी कुठे ठेवू? आर्याला शिकवीन मी. तू पेन दे."

मी पाचवे कलम खोडायला घेतले, तर त्याने हात धरला. "ते राहू दे."

ठिकाण: तोआ पायोह, सिंगापूर
रविवार, दि. १४ ऑक्टोबर २०१८

(सही) दिलीप केशव खांबेटे

आम्ही दोघांनी एकमेकांच्या व त्यांच्या समक्ष सह्या केल्या:

१. (सही) सविता रामचंद्र गुळवे, शेजारी
२. (सही) निशिकांत वासुदेव ढमढेरे, मित्र. यांच्या सहीमुळे कलम ५ मधील देणगी लागू होत नाही; गाडी कलम ६ प्रमाणे आर्याला.